नदी ४३ फुटांवर! पण तुमच्या घरात पाणी कधी येणार?

पावसाळ्यात कोल्हापूर-सांगलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज सतत फिरत असतो. राजाराम बंधारा इतके फूट, आयर्विन पूल इतके फूट, राधानगरीचे इतके दरवाजे उघडले. फॉरवर्ड सगळेच करतात. पण त्या आकड्याचा आपल्या घराशी काय संबंध, हे किती जणांना माहीत असतं?

हे फूट कुठले?

कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. तिथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलावर मोजतात. तिथे इशारा ४० फुटांवर आणि धोका ४५ फुटांवर.

४३ फूट म्हणजे गावात ४३ फूट पाणी नव्हे. ती फक्त त्या ठिकाणच्या मोजपट्टीवरची पातळी असते. धोका पातळी गाठली नाही म्हणून सगळे सुरक्षित, असंही नाही. कोल्हापुरातला सुतारवाडा, सांगलीतला सूर्यवंशी प्लॉट अशा सखल भागांत पाणी इतरांच्या आधी शिरतं.

पाऊस थांबला तरी पाणी का वाढतं?

कारण पाणी वरून येतं. राधानगरी धरण भरलं की त्याचे दरवाजे आपोआप उघडतात आणि ते पाणी भोगावतीतून पंचगंगेत येतं. कोयनेतून सोडलेलं पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिसळतं आणि पुढे सांगलीकडे जातं. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असेल तर पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं. म्हणून शहरात ऊन पडलेलं असतानाही पातळी चढू शकते.

तुमचा आकडा शोधा

२०१९ आणि २०२१ च्या पुरात तुमच्या गल्लीत पाणी आलं, तेव्हा बंधाऱ्यावर किंवा पुलावर किती फूट होतं? शेजारच्या जुन्या माणसांना विचारा, ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत चौकशी करा. तो आकडा घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा.

समजा, तुमच्या घरात ४७ फुटांना पाणी येतं. नदी आता ४३ फुटांवर आहे आणि तासाला ३ इंच वाढतेय. म्हणजे हातात साधारण १६ तास. विसर्ग वाढला तर त्याहूनही कमी.

त्याआधी रस्त्याचा आकडा

घरापेक्षा रस्ता आधी बुडतो. त्यामुळे निघायची वेळ घराच्या नाही, रस्त्याच्या आकड्यावर ठरवायची. सांगली जिल्ह्यातलं ब्रह्मनाळ २०१९ च्या ऑगस्टमध्ये असंच पाण्याने वेढलं गेलं. बाहेर पडायला बोटीशिवाय मार्ग उरला नाही. ८ ऑगस्टला माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला.

बरेच जण जनावरांसाठी मागे थांबतात. त्यामुळे म्हशी कुठे न्यायच्या, वैरण कुठे ठेवायची, हे जूनमध्येच ठरवून ठेवलेलं बरं. आजारी, म्हातारी माणसं, गरोदर बायका आणि लहान मुलं इशारा पातळीलाच हलवावीत.

निघताना काय करायचं?

- आधार, रेशन कार्ड, सातबारा, बँक पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घ्या. त्यांचे फोटो मोबाईलमध्येही ठेवा.
- रोजची औषधं, टॉर्च, चार्ज केलेली पॉवर बँक सोबत घ्या.
- विजेचा मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करा.
- घरातल्या सामानाचे फोटो काढा. पुढे पंचनाम्याला उपयोगी पडतात.
- पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका.

अडकलात तर ११२ किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर फोन करा. परतल्यावर वायरिंग तपासल्याशिवाय मेन स्विच लावू नका, पाणी उकळूनच प्या आणि अडगळीत हात घालण्याआधी काठीने चाचपून बघा. पुरात साप घरात आसरा घेतात.

आणि पुढच्या वेळी पातळीचा मेसेज फॉरवर्ड करताना, आपल्या गल्लीत पाणी किती फुटांना येतं तेही खाली लिहा. ग्रुपमध्ये नव्याने राहायला आलेल्या भाडेकरूला ते माहीत नसतं.