‘कामगार’ नव्हे, गुलाम केलेली माणसे

२०१५ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने भूगोलाच्या पुस्तकातील एका नकाशाजवळचा मजकूर मोबाईलवर आईला पाठवला. आफ्रिकेतून लक्षावधी ‘कामगार’ दक्षिण अमेरिकी संस्थानांतील मळ्यांवर कामासाठी आणले गेले, असे तिथे लिहिले होते. आईने जाहीर आक्षेप घेतला. मॅकग्रॉ-हिल या प्रकाशनसंस्थेला चूक मान्य करून मजकूर बदलावा लागला. कामगाराला मजुरी मिळते, त्याला काम सोडता येते, त्याची मुले कोणी विकत नाही. एका साध्या शब्दाने साखळदंड आणि लिलाव दोन्ही पुसले गेले होते.

ही एका संपादकाची डुलकी नव्हती. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ या गोऱ्या महिलांच्या संघटनेने दक्षिणेतील शाळांची पुस्तके कशी असावीत यावर अनेक दशके दबाव ठेवला. यादवी युद्ध गुलामगिरीसाठी नव्हे, राज्यांच्या हक्कांसाठी झाले, असे पिढ्यानपिढ्या शिकवले गेले. प्रत्यक्षात मिसिसिपी राज्याने १८६१ मध्ये संघराज्यातून फुटताना जे निवेदन काढले, त्यात सुरुवातीलाच आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी जोडलेली असल्याचे सांगून टाकले आहे. हे पान वर्गात वाचायला दहा मिनिटे पुरतात. तरीही २०१८ मध्ये सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटरच्या पाहणीत बारावीच्या फक्त ८ टक्के विद्यार्थ्यांना युद्धाचे मुख्य कारण गुलामगिरी होते हे ओळखता आले.

२०२३ मध्ये फ्लोरिडा राज्याच्या अभ्यासक्रमात आणखी एक वाक्य आले. गुलामांनी जी कौशल्ये विकसित केली, ती काही वेळा त्यांच्या स्वतःच्या फायद्याची ठरू शकत होती, असा त्याचा आशय. आपल्याला हा युक्तिवाद नवा नाही. गावगाड्यात प्रत्येकाला काम होते, बलुते मिळत होते, असे आपल्यालाही ऐकवले जातेच. पकडून आणलेल्या अनेकांकडे शेती, लोहारकाम, विणकाम आधीपासून होते. आणि दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता, हे त्या वाक्याशेजारी का नसावे?

मग शिकवायचे कसे? काही शाळांत मुलांनाच गुलाम आणि मालक बनवून लिलावाचे नाटक केले गेले. माझ्या मते ही पद्धत पूर्ण बंद झाली पाहिजे. त्यातून कृष्णवर्णीय मुलाच्या वाट्याला सर्वांसमोर अपमान येतो आणि बाकीच्यांसाठी तो खेळ होतो. त्याऐवजी साक्षी वाचाव्यात. १९३६ ते १९३८ या काळात सरकारी प्रकल्पातून पूर्वी गुलाम असलेल्या २,३०० हून अधिक वृद्धांच्या मुलाखती नोंदवल्या गेल्या. मुलाखत घेणारे बहुतेक गोरे होते. त्यामुळे शिक्षकाने मुलांना विचारावे : दक्षिणेतील गरीब कृष्णवर्णीय आजी एका गोऱ्या माणसासमोर जुन्या मालकाबद्दल किती मोकळेपणाने बोलेल? या एका प्रश्नातून मुले घटनेबरोबर सत्तासंबंधही शिकतात. इतिहास वाचायचा कसा, हेही कळते.

लहान मुलांना हे झेपत नाही, असे म्हणतात. १९६० मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या गोऱ्यांच्या शाळेत मार्शलांच्या संरक्षणात जाणारी रूबी ब्रिजेस सहा वर्षांची होती. गोऱ्या पालकांनी मुले काढून घेतली आणि बार्बरा हेन्री या शिक्षिकेने तिला वर्षभर एकटीला शिकवले. सहा वर्षांच्या मुलीला जे सोसावे लागले, ते सहा वर्षांच्या मुलांना सांगता येते, फक्त भाषा त्यांच्या वयाची हवी.

गोऱ्या मुलांना अपराधी वाटते, हा आजचा मोठा आक्षेप. मुलाने आजोबांचा गुन्हा कबूल करावा अशी अपेक्षाच नाही. साऊथ कॅरोलिनातील गुलाममालकाच्या घरात जन्मलेल्या ग्रिम्के भगिनी गुलामगिरीविरुद्ध उभ्या राहिल्या, हेही त्याला कळू द्या. मात्र फक्त भल्या गोऱ्यांच्या गोष्टी सांगून धडा संपवू नये. पळून जाणारे, बंड करणारे, चोरून वाचायला शिकणारे गुलामच या इतिहासाचे नायक आहेत.

या वादाशी आपला थेट संबंध आहे. कॅलिफोर्नियात २००५-०६ मध्ये सहावीच्या पुस्तकांतील जातीविषयीचा मजकूर सौम्य करावा म्हणून काही हिंदू संघटनांनी दुरुस्त्या सुचवल्या, तेव्हा दलित संघटना आणि अभ्यासक विरोधात उभे राहिले. बाबासाहेबांनी १९४६ मध्येच ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीय आणि अस्पृश्य यांच्या स्थितीतील साम्य मांडले होते. त्याही आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामीविरोधी सज्जनांना अर्पण केली. विहारात रविवारचे वर्ग घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी ती अर्पणपत्रिका मुलांपुढे ठेवावी आणि विचारावे, पुण्यातल्या या माणसाला समुद्रापलीकडचे ते लोक आपले का वाटले असतील?