घराच्या जागेची वंशावळ

माणसाची वंशावळ क्षेत्रोपाध्यायांच्या वहीत सापडते. जागेची वंशावळ कोठे सापडते? हा प्रश्न आम्हाला कोणत्या ग्रंथाने घातला नाही. तो एका विडीकामगार बाईने घातला.

दिघोरीच्या आबादीत तिचे कौलारू घर. सासू गेली, मग नवरा गेला, त्यानंतर सासरा. नणंद नाही, पदरी दोन मुली. दीर म्हणू लागला, "जागा मी माझ्या कमाईने घेतली आहे, मी ती विकणार." बाईने विड्यांच्या सुपाखालून घडी घातलेला एक कागद काढला आणि म्हणाली, "भाऊ, टॅक्सची पावती त माह्या सासऱ्याच्या नावाची हाये. मंग जागा दिराची कशी?"

प्रश्न रास्त होता. पण पावतीच्या बळावर उत्तर देता येईना. आमची शाळा लवकर सुटली. कायदा आम्ही शिकलो तो कचेरीच्या ओसरीवर. तेथला पहिला धडा हा की, घरटॅक्सची पावती कर कोणी भरला ते सांगते, मालक कोण ते सांगत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमधील नावाचेही तसेच. शेताच्या फेरफाराबद्दलही न्यायालयांनी हेच सांगितले आहे: फेरफाराने मालकी जन्मत नाही, तिची केवळ नोंद होते. तात्पर्य, मालकी एका कागदात नसते. ती कड्यांच्या साखळीत असते आणि ती साखळी आजपासून मागे मोजत जावी लागते.

पहिला मुक्काम ग्रामपंचायत. जुन्या नमुना आठमध्ये नाव कोणत्या वर्षी बदलले, ते पाहावे. दुसरा मुक्काम दुय्यम निबंधकाची कचेरी. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे स्थावर मिळकतीच्या खतांचे पुस्तक क्रमांक एक आणि त्याच्या सूच्या फी भरून कोणालाही पाहता येतात. एक सूची माणसांच्या नावांची, दुसरी मिळकतींची. हे दार गरिबाला उघडे आहे. पण ते आहे हेच त्याला ठाऊक नसते.

तरीही पुष्कळदा खत सापडत नाही. याचेही कारण आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या विक्रीला नोंदलेले खत सक्तीचे केले. त्याखालची विक्री नुसता ताबा दिल्यानेही पुरी होई. गरिबाची जागा शंभराच्या आतली. म्हणजे श्रीमंताची मालकी कागदावर उतरली आणि गरिबाची शब्दावर राहिली.

तिसरा मुक्काम जिल्ह्याचे अभिलेखागार. 1853 साली तिसरे रघूजी भोसले वारले व नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. 1861 साली मध्यप्रांत झाला आणि त्याच दशकातील बंदोबस्तात, पूर्वी गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांना गावाचे मालकी हक्क देण्यात आले. शेते, पडीत, आबादी, सारे त्यात आले. रयतेचे घर मालगुजाराच्या जमिनीवर उभे राहिले. घरासाठी जागा कशी मिळावी, लाकूडफाटा कोठून न्यावा, असे रिवाज वाजिब-उल-अर्जात लिहिले गेले. हा जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्याबाहेर होता, म्हणून आपल्या जुन्या दप्तरात मिसल, खसरा हे शब्द भेटतात. खसऱ्यात शेतांना वेगवेगळे नंबर. सगळ्या आबादीला मात्र बहुधा एकच नंबर. कोणाचे घर कोठे, हे नकाशा सांगत नाही.

1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली व 31 मार्च 1951 पासून गावे सरकारात निहित झाली. त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाने आबादीतील इमारती व विकत घेतलेल्या घरजागा ज्याच्या त्याच्याकडे कायम ठेवल्या. आपल्या गावातील कित्येक घरांच्या हक्काचे मूळ या एका कलमात आहे.

मग नंबर नसलेली जागा ओळखावी कशी? चतुःसीमेवरून. अमेरिकेतील जुन्या नगरांच्या भूखंडांचा इतिहास काढणारेही एकेक खत मागे जातात आणि शेजाऱ्यांची खते ताडून पाहतात. तिकडे मॅसॅच्युसेट्स वसाहतीने 1640 सालीच खते नोंदविण्याचा नियम केला होता. आम्हीही तेच केले. बाईच्या घराचे खत नव्हते; पण शेजारच्या घराचे निघाले, मालगुजारीच्या काळातले, दीर जन्मण्यापूर्वीचे. त्यात लिहिले होते: उत्तरेस अमक्याचे घर. तो अमका म्हणजे तिचा आजेसासरा!

"माझी कमाई" तेथेच संपली. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बापाआधी वारलेल्या मुलाची विधवा व मुले मिळून त्याचा वाटा घेतात. निम्मे दिराचे, निम्मे बाईचे व तिच्या मुलींचे. दीर दुष्ट नव्हता. त्याच्याजवळही कागद नव्हता, आणि कागद नसला की ज्याचा आवाज मोठा त्याची जागा होते. खताची नक्कल वाचून दाखविल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "वहिनी, मोजणी लावू."

हे आज सांगण्याचे कारण आहे. 24 एप्रिल 2020 रोजी स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोनने गावठाणे मोजून घरोघर मिळकत पत्रिका देण्याची ही योजना आहे. गोष्ट चांगली आहे. पण ड्रोनला भिंत दिसते, भिंतीआडची विधवा दिसत नाही. चौकशीच्या वेळी जो पुढे येईल त्याचे नाव लागण्याचा संभव आहे, आणि नंतर ते बदलणे कष्टाचे होते.

म्हणून, श्रोतेहो, घरी गेल्यावर एवढे करा. घरातील वडीलधारे हयात आहेत तोवर त्यांच्याकडून चतुःसीमा लिहून घ्या. मृत्यूनंतर वारसांची नोंद करताना मुलींची व सुनांची नावे गाळू नका. आणि शेजाऱ्याचे खत जपून ठेवावयास सांगा. त्यात कदाचित तुमचे घर असेल.