साठी की पासष्टी?

घोटावडे (ता. मुळशी) येथील दुकानदारास निवृत्तीचे वय नाही, गल्ल्यावर बसतो तोवर तो कमावता. सवलतीचे वय मात्र जागोजागी निराळे. राज्याच्या धोरणाने २०१८ मध्ये ज्येष्ठत्व ६५ वरून ६० वर आणले, एस.टी.चे अर्धे तिकीट तरीही पासष्टीलाच. पंचाहत्तरीनंतर २०२२ पासून प्रवास मोफत आहे. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत साठीनंतर ३ लाखांपर्यंत सूट, नव्या पद्धतीत वयाला किंमत नाही. बँका साठीनंतर जादा व्याज देतात. पण व्याज न घेणाऱ्या आपल्या बुजुर्गांना त्याचा काय उपयोग? त्यांच्या हाती उरते ते एस.टी.चे तिकीट. तेथेही 'जन्म पानशेतच्या पुराआधीचा' (१९६१) एवढे सांगून भागत नाही. आधार कार्डावरील जन्मतारीख चुकली असल्यास वेळीच दुरुस्त करून घ्यावी.