सांध्यावर अडणारी वीज

लघुरेल्वेची मांडणी घरातल्या टेबलावरची असो, पुण्यात कोथरूडच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयातली असो वा हाम्बुर्गच्या ‘मिनिआटुर वुंडरलांड’सारखी दालनेच्या दालने व्यापणारी असो, तिच्यातील सर्वांत नाजूक जागा म्हणजे सांधा, अर्थात गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारी रुळांची रचना. सर्वाधिक रूढ असलेल्या ‘एच-ओ’ प्रमाणात १:८७ आकाराची गाडी १६.५ मिलिमीटर अंतरावरील दोन रुळांवर धावते. हे दोन रूळ विजेच्या परस्परविरुद्ध ध्रुवांना जोडलेले असून इंजिनाची चाके त्यांवरूनच मोटारीसाठी वीज घेतात. त्यामुळे सांध्याला चाकांना वाट दाखवणे आणि वीज वाहून नेणे अशी दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात.

त्यातला पहिला कच्चा दुवा म्हणजे टंग रेल, म्हणजेच सांधा बदलताना सरकणारा निमुळता रूळ. जुन्या धाटणीच्या सांध्यांत हा रूळ शेजारच्या स्थिर रुळाला टेकला की त्या टेकण्यातूनच पुढे वीज जाते. परंतु धातूचे दोन पृष्ठभाग वरकरणी सपाट भासले, तरी प्रत्यक्षात ते मोजक्या सूक्ष्म उंचवट्यांवरच एकमेकांना भिडतात. त्यांच्यामध्ये धूळ, वंगण, रंग किंवा खडी चिकटवण्याचा गोंद शिरला, अथवा स्प्रिंगचा दाब कमी पडला, की तेथील विद्युत्रोध वाढतो. हा रोध ४ ओहम झाला आणि इंजिनाने अर्धा अँपिअर प्रवाह घेतला, तर ओहमच्या नियमानुसार १२ पैकी २ व्होल्ट जागीच खर्ची पडतात आणि गाडी मंदावते.

दुसरा दुवा क्रॉसिंगचा. सरळ मार्गाचा एक रूळ व वळणमार्गाचा एक रूळ जेथे एकमेकांना छेदतात, तेथे दोन विरुद्ध ध्रुव समोरासमोर येतात. क्रॉसिंग प्लॅस्टिकचे केले तर दोन ध्रुव भिडण्याचा प्रश्न मिटतो. पण तेवढा तुकडा निर्वीज राहतो आणि मोठी इंजिने तो सहज ओलांडत असली, तरी चार चाकांचे छोटे इंजिन नेमके तेथेच अडते. क्रॉसिंग धातूचे ठेवल्यास, सांधा ज्या बाजूला वळेल त्यानुसार त्याचा ध्रुव बदलावा लागतो. जुन्या रचनेत क्रॉसिंग व दोन्ही टंग रेल विजेने जोडलेले असल्याने उघड्या बाजूचा टंग रेल शेजारच्या रुळाच्या विरुद्ध ध्रुवाचा ठरतो आणि फट अरुंद असेल, तर जाणाऱ्या चाकाची पाठ दोन्हींना एकदम लागून शॉर्ट सर्किट होते.

साध्या एकदिश प्रवाहावर हा क्षणिक दोष बहुधा खपून जाई, कारण गाडी आपल्या वेगाच्या भरात पुढे निघून जाई. डीसीसी या संगणकीय नियंत्रण पद्धतीत मात्र रुळांतून विजेबरोबर आज्ञाही जातात. अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९०च्या दशकात प्रमाणित केलेल्या या पद्धतीत शॉर्ट सर्किट होताच संरक्षक यंत्रणा क्षणार्धात वीज तोडते आणि त्या विभागातील सगळ्याच गाड्या थांबतात. नुसता संपर्क तुटला, तरी इंजिनातील इलेक्ट्रॉनिक मंडल नव्याने सुरू होऊन दिवे लुकलुकतात व आवाज खंडित होतो.

यावरचा उपाय म्हणजे सांध्याच्या दोन कामांची फारकत करणे. प्रत्येक टंग रेल त्याच्या शेजारच्या स्थिर रुळाला लवचीक तारेने कायमचा जोडावा. तसे केल्यावर दोहोंचा ध्रुव एकच राहतो आणि चाकाची पाठ लागली तरी काही बिघडत नाही. क्रॉसिंगच्या अलीकडे व पलीकडे रुळांत बारीक फट पाडून ते विजेच्या दृष्टीने वेगळे करावे आणि सांधा हलवणाऱ्या मोटारीतच बसवलेल्या बदल-स्विचमधून त्याला वीज द्यावी. या स्विचचे संपर्क बंदिस्त असतात व सरकताना एकमेकांना घासून स्वच्छ राहतात. रुळांच्या तुकड्यांना जोडणाऱ्या पट्ट्याही काळानुसार सैल पडत असल्याने प्रत्येक तुकड्याला मुख्य वाहिनीपासून स्वतंत्र तार डाखून देणे श्रेयस्कर ठरते.

ही सारी जोडणी खडी अंथरण्यापूर्वीच व्हायला हवी, कारण गोंद सुकल्यावर रुळाखाली तार डाखणे जिकिरीचे होते. सांधा दोन्ही बाजूंना वळवून मल्टिमीटरने प्रत्येक तुकड्याची तपासणी करावी आणि मांडणीतील सर्वांत छोटे इंजिन अगदी सावकाश त्यावरून चालवून पाहावे; ते न अडखळता पार झाले, तरच सांधा भरवशाचा समजावा.