सुट्टीतले जादा तास : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गेल्या दिवाळीत माझ्या भाचीच्या वर्गाने मुख्याध्यापकांना निवेदन दिलं. फुलस्केप कागद, वर चार ओळी आणि खाली गोलाकार केलेल्या सह्या, पहिली कुणाची ते कळू नये म्हणून. मागणी एकच : भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापासून लावलेले दहावीचे जादा तास ऐच्छिक करा. त्यावर मोठ्यांकडून जे ऐकलं, त्यातलं बरंचसं खरं नव्हतं.

‘पोरांना अभ्यासच नको.’ सही करणाऱ्यांत वर्गात पहिली येणारी मुलगी होती. सुट्टीत कुणी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवतं, कुणी दिवसा कापूस वेचून रात्री पुस्तक उघडतं. शाळेच्या वेळेची एसटी बंद असली की लांबच्या गावच्या मुलीचा तीन तासांच्या वर्गापायी अख्खा दिवस जातो. तास बंद करा, असं मुलांनी म्हटलेलंच नव्हतं.

‘शाळांना सुट्ट्याच फार’ हा समज सर्वांत चिवट. हिशेब करून बघा. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे रविवार सोडून वर्षाला जास्तीत जास्त ७६ सुट्ट्या, कामाचे दिवस किमान २३०. ३६५ मधून ५२ रविवार आणि हे ७६ वजा केले की २३७ उरतात. दिवाळी, मे महिना, सणवार सगळं त्या ७६ मध्येच बसवायचं. मग पोर्शन राहतो कशाने? रिक्त पदं, निवडणुकीची ड्युटी, सर्वेक्षणं, प्रशिक्षणं. ही तूट मुलांनी पाडलेली नाही. ती त्यांच्या सुट्टीतून वसूल करणं अन्यायाचं आहे. सुट्टीत बोलावल्या जाणाऱ्या शिक्षकांवरही.

‘आला नाहीत तर अंतर्गत गुण जातील.’ या एका वाक्याने अख्खा वर्ग गप्प होतो. दहावीला भाषा, गणितासारख्या विषयांत ८० गुण लेखी आणि २० अंतर्गत असतात. ते २० गुण तोंडी परीक्षा, स्वाध्याय अशा कामाचे. सुट्टीतल्या हजेरीला त्यात गुण नाहीत. बोर्डाची ७५ टक्के उपस्थितीची अटही शाळेच्या कामाच्या दिवसांशी बांधलेली आहे.

‘सुट्टीत सगळं विसरतात.’ विसरतात खरं. पण हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलं की विसरण्याचा वेग शिकल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत सर्वाधिक असतो, आणि अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते. रोज घरी अर्धा तास चाळलं तरी ते साधतं. त्याला सक्तीचा वर्ग लागत नाही.

मुलांचाही एक गैरसमज आहे. निवेदनात त्यांनी शिक्षण हक्क कायद्याचा आधार घेतला होता. २००९ चा तो कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी, पहिली ते आठवीपुरता. दहावीला तो लागत नाही. त्यापेक्षा संहितेतला सुट्ट्यांचा हिशेब मांडावा. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला. त्याच्या ३१व्या कलमात विश्रांती आणि खेळाचा हक्क आहे, १२व्यात मुलांचं मत ऐकून घेण्याचा. केरळ सरकारने तर सुट्टीतल्या वर्गांवर बंदीच घातली.

भाचीच्या वर्गाला उत्तर मिळालं नाही. तास सक्तीचेच झाले. कागदावर आवक क्रमांक घ्यायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. यंदाच्या दहावीने दोन प्रती काढल्यात. एक शाळेत द्यायची, दुसरीवर पोच घेऊन ती माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवायची.