पुस्तिका नसलेली करवत

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि आमच्या शाळेमागचा आंबा आडवा झाला. वीज कित्येक दिवस नव्हती आणि लाकूडतोड्यांना सवड नव्हती. आम्ही तिघा शिक्षकांनी वर्गणी काढून पेट्रोलवर चालणारी एक जुनी साखळी-करवत, म्हणजे चेन-सॉ, विकत घेतली. माहितीपुस्तिका नव्हतीच. ‘‘पेट्रोल घाला, दोरी ओढा, झाले,’’ असे विकणारा म्हणाला. त्याचे ऐकले असते तर यंत्र त्याच दिवशी भंगारात गेले असते.

दोरीला हात लावण्याआधी आम्ही यंत्र नुसते न्याहाळले. त्याला दोन टाक्या होत्या. एकीला पेट्रोलचा वास येत होता, दुसरीत चिकट तेल होते. हे तेल साखळीसाठी असते. साखळी ज्या लोखंडी पट्टीच्या खाचेतून धावते तिथे ते झिरपते. मग इंजिनाला वंगण कुठून मिळते? हे इंजिन टू-स्ट्रोक असते. त्यात हवा आणि पेट्रोल आधी पिस्टनखालच्या पेटीत, क्रँककेसमध्ये, येतात आणि तिथून सिलिंडरमध्ये जातात. त्यामुळे त्या पेटीत तेल साठवून ठेवता येत नाही. ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. जुन्या स्कूटरवाल्यांना हे सांगायला नको! नुसत्या पेट्रोलवर पिस्टन थोड्याच वेळात घासून जाम होतो. पण तेल किती घालायचे, हे यंत्र कितीही न्याहाळले तरी कळत नाही. झाकणाजवळ पुसटसे १:५० वाचता आले, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. ते नसते तर जाणत्या मेकॅनिकला विचारणे भाग होते. इथे अंदाज चालत नाही.

विकणाऱ्याने करवत चालवून दाखवली होती, तेव्हा लाकडातून भुशाऐवजी धूरच निघाला होता. ‘‘धार गेलीय,’’ तो म्हणाला. आम्ही साखळीचा एकेक दात पाहिला. प्रत्येक पात्यापुढे एक लहान खुंटी असते, पात्याच्या धारेपेक्षा अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक बुटकी. पाते किती खोल शिरावे हे ती ठरवते. सुताराच्या रंध्यात पाते तळाबाहेर जितके डोकावते तितकी जाड ढलपी निघते, तसेच हे. नाव करवत असले तरी काम रंध्याचे. पट्टीच्या वरच्या बाजूला पात्यांची धार टोकाकडे असायला हवी. इथे ती आमच्याकडे होती. साखळी उलटी बसवली होती!

सुलटी बसवताना आम्ही एक हिशेब केला. लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधले अंतर १६.५ मिलिमीटर भरले. चाकाचा एक दात साखळी तेवढी पुढे नेतो. चाकाला ७ दात, म्हणजे एका फेऱ्यात साधारण ११.५ सेंटिमीटर. कापताना इंजिन मिनिटाला ९००० फेरे घेते असे धरले, तर साखळीचा वेग सेकंदाला सुमारे १७ मीटर येतो. डोळ्याने पाहून हात हलायला आपल्याला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. तेवढ्यात तीन मीटरहून अधिक साखळी निघून गेलेली असते.

म्हणून पट्टीच्या टोकाचा वरचा चतकोर लाकडाला लागू द्यायचा नाही. तिथे दात अडकला तर पट्टी उसळून थेट चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. ही करून पाहण्याची गोष्ट नव्हे. पुढच्या मुठीसमोरचा आडवा पंजा म्हणजे साखळीचा ब्रेक. इंजिन बंद ठेवून, हातमोजे घालून आम्ही पंजा पुढे ढकलला आणि साखळी ओढून पाहिली. ती हलली नाही. हलली असती तर दुरुस्तीआधी करवत सुरूच केली नसती.

पहिला काप गावातल्या एका अनुभवी लाकूडतोडे काकांना शेजारी उभे करून घेतला. इंजिन मंद चालू असताना साखळी स्थिर होती, हे त्यांनी आधी तपासले. वेग वाढला की केंद्रापासून दूर फेकले जाणारे क्लचचे तुकडे बाहेरच्या डब्याला चिकटतात आणि मगच साखळी फिरते.

आंब्याच्या चांगल्या जाडसर ढलप्या पडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पीठ पडू लागले, तेव्हा काका म्हणाले, ‘‘मास्तर, आता थांबा, गोल कानस आणा.’’ आमच्या साखळीला ४.८ मिलिमीटरची लागते.