घरातलं यान आणि सासूबाईंचा खोकला

गणपतीच्या कारखान्यात गेलेल्या प्रत्येकीने तो ‘फुस्स फुस्स’ आवाज ऐकला असेल. कॉम्प्रेसर धडधडत असतो आणि मूर्तिकार बाप्पाच्या अंगावर रंगाचा तलम फवारा मारीत असतो. त्याच फवाऱ्याचे धाकटे भावंड म्हणजे एअरब्रश. दिसायला जाडसर पेनासारखा, आत बारीक सुई!

२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरले आणि १९ सप्टेंबरला गणपती बसायचे होते. नववीतल्या आमच्या लेकीने जाहीर केले, “आई, यंदा देखाव्यात रॉकेट!” आम्हा नाशिककरांना विमाने नवी नाहीत. ओझरला १९६० च्या दशकापासून मिग बनली, पुढे सुखोई. पण घरात रॉकेट म्हणजे जरा जास्तच, असे मला वाटले.

तिने एकास शंभर हे प्रमाण धरले. यान घेऊन जाणारे एलव्हीएम-३ रॉकेट ४३.५ मीटर उंच, म्हणून आपले ४३.५ सेंटीमीटर. मधला भाग ४ सेंटीमीटर जाड, बाजूचे दोन बूस्टर ३.२ सेंटीमीटर. माझ्या स्वयंपाकघरातल्या फॉइलच्या रिकाम्या नळ्या बूस्टरना जवळजवळ बरोब्बर बसल्या! “आई, इथे एक मिलिमीटर चुकला, तर खऱ्या रॉकेटवर दहा सेंटीमीटर चुकतात,” ती म्हणाली. भाजी चिरताना कधी इतका विचार केला होता का मी?

गडबड झाली ती रंगाला. धूळ बसू नये म्हणून तिने दिवाणखान्याच्या खिडक्या लावल्या आणि थिनरमध्ये कालवलेला रंग फवारला. सासूबाईंना दमा. रात्री दोनपर्यंत त्या खोकत बसल्या होत्या. सकाळी ह्यांनी फर्मान काढले, “उद्यापासून हे सगळं बंद.” शेजारच्या काकूंनीही भर घातली, “मुलीच्या जातीला रॉकेट काय करायचंय?” चांद्रयान-२ च्या प्रकल्प संचालक एम. वनिता आणि मोहीम संचालक रितू करिधाल ह्या दोघी बायकाच ना? पण ते उत्तर सुचेपर्यंत काकू गेल्या होत्या.

पोर गप्प बसली. तोंड उघडले ते सासूबाईंनी. “बंद कशाला करता? तिला गच्चीवर हलवा, म्हणजे झालं.”

मग आम्ही नियमच केले. थिनरचा रंग घरात आणायचा नाही, पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक आणायचा. फवारा गच्चीवरच, मोठ्या खोक्यात मॉडेल ठेवून, म्हणजे दोरीवरच्या कपड्यांवर रंग उडत नाही. ॲक्रिलिकचेही बारीक कण नाकात जातात, म्हणून मास्क हवाच. थिनरच्या वाफेला साधा कापडी मास्क पुरत नाही, कोळशाच्या गाळणीचा लागतो. आणि मैत्रिणींनो, थिनर पेट घेतो बरं का! गॅस, निरांजन, उदबत्ती यांच्या आसपासही तो नको.

बाकी कृती पाककृतीसारखीच. रंग दुधाइतका पातळ करावा. आधी राखाडी प्राइमर, तो वाळला की वरचा रंग. हात आठ-दहा सेंटीमीटरवर ठेवून सतत हलता ठेवावा. एकाच जागी थांबलात की ओघळ आलाच. एक जाड थर देण्यापेक्षा तीन-चार पातळ थर द्यावेत आणि मधे पुरते वाळू द्यावे. काम झाले की लगेच सुई धुवावी, नाहीतर रंग आतच वाळून बसतो.

गणपती बसले. आरतीला आलेल्या प्रत्येकाला सासूबाईच सांगत होत्या, “एकास शंभर आहे हो, मोजून बघा!” काकूंनाही त्यांनी सोडले नाही.

मुलांचा एखादा छंद घरात त्रासाचा वाटला, तर तो बंद करण्याआधी त्याची जागा बदलून बघा. आमच्याकडे तेवढ्यानेच भागले.